चोचीला चोच

४ मार्च, मंगळवार

तेसिकचा फोन. लेका, लग्न करतोय, म्हणाला. बेचाळिसाव्या वर्षी. मुलगी कोण, तर हेरिम. आमच्याच वर्गातली, थोंगयंगच्या मासळी सोसायटीत काउंटरवर बसते. शाळेपासून या दोघांचं भांडणाशिवाय एक वाक्य झालेलं नाही. मी आठवीतच ओळखलं होतं की हे जमणार. (आठवीत मी नक्की काय म्हणालो होतो याची तेसिकने आठवण करून दिली. ते थोडं वेगळं होतं. असो.)

लग्न १७ मे, शनिवार. आमच्या गावी थोंगयंगला, जुन्या पाठशाळेच्या अंगणात, पूर्ण जुन्या पद्धतीने. तेसिकच्या आईचा हट्ट. नंतर काकूच फोनवर आल्या. म्हणाल्या, नवऱ्यामुलाच्या पुढे लाकडी हंस हातात धरून चालायला एक माणूस लागतो बघ. त्याचा स्वतःचा संसार सुखाचा असावा लागतो, नाहीतर त्याचं नव्या जोडप्याला बाधतं. तेसिकच्या दोस्तांत असा कोण आहे, तूच सांग बाबा.

मी म्हटलं, अहो काकू, मीच की.

काकू हं म्हणाल्या. मग म्हणाल्या, मिरान कशी आहे? माझी बायको मजेत आहे म्हटलं. म्हणाल्या, नवीन वर्षाला तिने पाठवलेली सुक्या पर्सिमन फळांची पेटी पोचली हो. चिठ्ठीपण वाचली. सांग तिला.

म्हणजे मिरान ऑक्टोबरपासून बहिणीकडे सुवॉनला विश्रांतीला गेली आहे, तरी माझ्या गावी पेटी पाठवायला विसरत नाही. याला म्हणतात संसार. उगाच नाही काकूंनी मला विचारलं.

निश्चय: १) भेटवस्तू अशी द्यायची की थोंगयंगमध्ये दहा वर्षं नाव निघेल. अस्सल पारंपरिक. २) मिरान लग्नाला माझ्याबरोबर येईल. अडीच महिने आहेत. भरपूर झाले.

५ मार्च, बुधवार

ऑफिसातून आलो तर टीव्हीच्या फळीवरची आमची हंसांची जोडी शेपटीला शेपटी लावून बसलेली. लग्नात सासऱ्यांनी दिलेली जोडी. चोचीला चोच असेल तर घरात सगळं आलबेल, शेपटीला शेपटी असेल तर भांडण चालू आहे, असं म्हणतात.

कारण उघड आहे. खालच्या रस्त्यावरून पुलाच्या कामाचे सिमेंटचे ट्रक जातात. त्याची थरथर वर येते. मी सोळा वर्षं लिफ्ट तपासतो आहे, थरथर म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. हंस पुन्हा चोचीला चोच लावून ठेवले.

मिरानचा राखाडी कोट आणि केस वाळवायचं मशीन दिसत नाही. लागलं म्हणून नेलं असेल. उन्हाळ्याचे कपडे इथेच आहेत. न येणारी बाई उन्हाळ्याचे कपडे ठेवून जाईल का?

८ मार्च, शनिवार

इनसादोंगच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात भेटवस्तू बघायला गेलो. आधी हेरिमला फोन करून अंदाज घेतला. ती म्हणाली, ब्योंगजुन, मला भाताचा कुकर दे. सहा माणसांचा. आमच्याकडचा झाकणातून वाफ सोडतो. मी हसलो. कुकर काय, कोणीही देईल.

चांदीचे चमचे आणि चॉपस्टिकच्या दोन जोड्या बघितल्या. चांगल्या होत्या. पण आम्हाला तशाच मिळाल्या होत्या आणि मिरानचा चमचा सध्या ड्रॉवरमध्ये नाही, तेव्हा माझा एकटा चमचा बघून मला ती वस्तू तितकीशी टिकाऊ वाटत नाही. रेशमी रजई बघितली. दोघांची. नको वाटली. शिंपल्याच्या नक्षीची पेटी बघितली, तर ती थोंगयंगहूनच आलेली. गावची वस्तू गावाला काय द्यायची?

शेवटी हंस. दुकानातली म्हातारी बोलघेवडी. म्हणाली, लग्नाचे हंस नवराबायकोने मिळून निवडायचे असतात, बायकोला घेऊन या. मी म्हटलं, ती बिझी असते. म्हणाली, मग रविवारी या. मी म्हटलं, रविवारी जास्त बिझी असते. तिने मला आल्याचा चहा दिला. पैसे घेतले नाहीत. माझा चेहरा बघून लोक सहसा चहा देत नाहीत, त्यामुळे बरं वाटलं.

परत येताना एकदम सुचलं. जुन्या काळी हंस विकत घ्यायचेच नाहीत. नवऱ्यामुलाचा सुखी संसारी दोस्त स्वतःच्या हाताने कोरायचा. आयुष्यात एकच जोडी. मी स्वतः कोरणार. यापेक्षा पारंपरिक काय असणार?

१५ मार्च, शनिवार

लाकूडकामाच्या क्लासला नाव घातलं. प्यो मास्तर, सत्तरीचे, बोटं फावड्यासारखी. पहिल्या दिवशी मी बदक म्हणालो तर म्हणाले, हंस. बदक खायचं असतं. जोडीदार मेला तर दुसरा करत नाही तो हंस. पुन्हा बदक म्हणालात तर बाहेर काढीन.

मग सरळ विचारलं, लग्नाची जोडी कोरताय ना, घरी सगळं ठीक आहे? मी म्हटलं, उत्तम. म्हणाले, बरं. मी बायको गेल्यापासून लग्नाचे हंस कोरत नाही. शिकवतो फक्त. नवं घर आहे, आपला हात नको.

मला त्यांची कीव आली. बिचारे एकटे.

लिंडनच्या लाकडाचा ठोकळा मिळाला. आठ शनिवारांत दोन हंस. सहज होईल.

२२ मार्च, शनिवार

नराचं डोकं झालं. मास्तर म्हणाले, डोकं कुठे आहे? मी दाखवलं. म्हणाले, मला वाटलं शेपटी.

२६ मार्च, बुधवार

घरी हंस पुन्हा शेपटीला शेपटी. पुन्हा बुधवार. बुधवारी ट्रक जास्त जात असणार. मिरान एका शाळेत आहारतज्ज्ञ आहे आणि बुधवारी तिला दुपारनंतर सुट्टी असते, हा निव्वळ योगायोग.

ती येऊन गेली हे कळलं, कारण शिलाई मशीन नाही. जड वस्तू आहे, मला सांगितलं असतं तर मी खाली नेऊन दिली असती. मेसेज केला: मशीन मिळालं का? उत्तर: हो. एक शब्द, पण तीन मिनिटांत आलं. राग असता तर माणूस तीन मिनिटांत उत्तर देतो का?

निश्चय: पुढच्या मंगळवारी संध्याकाळी तिच्यासाठी समुद्री शेवाळाचं सूप करून फ्रिजमध्ये ठेवणार. वर चिठ्ठी.

२ एप्रिल, बुधवार

सूप तसंच आहे. चिठ्ठी उलटी केलेली आहे, मागे लिहिलंय: मीठ दोनदा पडलंय. म्हणजे चाखलं! चाखल्याशिवाय कसं कळेल?

हंस: शेपटीला शेपटी.

३ एप्रिल, गुरुवार

ऑफिसातून थरथर मोजायचं यंत्र घरी आणलं. फळीवर लावून सगळी संध्याकाळ बसलो. नऊ ट्रक गेले. काटा हलला नाही.

यंत्र बिघडलेलं आहे. उद्या तक्रार लिहितो.

५ एप्रिल, शनिवार

अंगठा कापला. तीन टाके. मास्तर म्हणाले, मादी कोरताना मन दुसरीकडे असेल तर असंच होतं. मी म्हटलं, मन इथेच आहे. ते म्हणाले, मग हात दुसरीकडे असेल.

नर आता पुष्कळसा हंसासारखा दिसतो. निदान पाणघोड्यासारखा तरी दिसत नाही. मादीची मान मात्र जमत नाही. कितीही कोरली तरी ती तोंड फिरवूनच बसते. लाकडाच्या रेषाच तशा आहेत.

काकूंचा फोन. म्हणाल्या, तुला ऑफिस असतं, मिरानलाही असेल, तुमची फार ओढाताण होत असेल तर आमच्या तेसिकचा मामा आहे की. त्याला चार मुलं, बायकोशी पस्तीस वर्षं संसार. हंस तो धरील. तू नुसता जेवायला ये. मी म्हटलं, अहो काकू, ओढाताण कसली. मीच धरणार. म्हणाल्या, बरं. मग पुन्हा म्हणाल्या, तुला काही सांगायचं असेल तर सांग हं. मी भेटवस्तूबद्दल काहीच फुटू दिलं नाही. सरप्राइज म्हणजे सरप्राइज.

११ एप्रिल, शुक्रवार

मिरानबरोबर कुटुंब न्यायालयात गेलो. दोघांच्या संमतीचा अर्ज द्यायचा होता. तिच्या मनाच्या शांतीसाठी. कोर्टाने विचार करायला एक महिना दिला. १२ मेला परत यायचं. आता सांगा, कोर्टालाच जर वाटत असेल की या दोघांनी अजून विचार करावा, तर मी वेगळं काय म्हणतोय?

बाहेर बाकावर बसलो होतो. तिने अंगठा बघितला. म्हणाली, हे काय केलंस? हंसांचं सांगितलं. ती बराच वेळ अंगठ्याकडे बघत होती. म्हणाली, तू त्यांच्यासाठी हंस कोरतोयस. मी म्हटलं, हो. आणि पुढे मीच धरून चालणार.

तेव्हा ती म्हणाली, ब्योंगजुन, हे करू नकोस. काकूंनी वीस वर्षं सुनेची वाट पाहिली. त्यांना खरं सांग. उद्या त्या पोरीचं काही बिनसलं तर म्हातारी आयुष्यभर स्वतःला दोष देत बसेल. आणि मग म्हणाली, अकरा वर्षं मी तुला एक गोष्ट सांगतेय आणि तू दर वेळी भलतंच ऐकतोस. मी दमले रे. दुसरं काही नाही. दमले.

ती रडली नाही. मीही नाही. तिने पर्समधून प्लास्टर काढून माझ्या जुन्या प्लास्टरवर दुसरं लावलं.

ही अशी काळजी. दमली आहे म्हणते, म्हणजे विश्रांतीच हवी आहे. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

१९ एप्रिल, शनिवार

मादीची मान तुटली. फेव्हिकॉलसारखं काहीतरी लावून मास्तरांनी चिकटवली. म्हणाले, सांधा दिसणार नाही, पण आहे हे तुम्हाला माहीत राहणार.

३ मे, शनिवार

जोडी पुरी झाली. दोन्ही हंस लाल आणि निळ्या कापडात गुंडाळले. मास्तरांनी फी परत केली, निम्मी. म्हणाले, ठेवा, घरी काहीतरी चांगलं खा. मी म्हटलं, बायको काळजी घेते खाण्याची. ते म्हणाले, बरं. त्यांचं ‘बरं’ हल्ली मला आवडत नाही.

हेरिमने मेसेजवर कुकरचा फोटो पाठवला. हट्टी बाई आहे.

७ मे, बुधवार

हंस शेपटीला शेपटी. कपाटात तिच्या बाजूला फक्त हँगर. उन्हाळ्याचे कपडे गेले. सुवॉनला या वर्षी लवकर गरम होतंय म्हणे.

१२ मे, सोमवार

कोर्ट. आत गेल्यावर साहेबांनी विचारलं, दोघांचा विचार तोच आहे का? मिरान हो म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण मागे सात-आठ जोडपी नंबर लावून उभी होती, आणि आपल्यामुळे रांग अडली की मला कसंतरी होतं. मी हो म्हटलं.

मिळालेला कागद तीन महिन्यांत सरकारी ऑफिसात दिला नाही तर सगळं रद्द होतं. कागद तिच्याकडे आहे. तीन महिने म्हणजे थोडे नाहीत.

जिन्यावर तिला म्हटलं, शनिवारी थोंगयंगला येतेस का? एकच दिवस. फोटोपुरती. तिने नकारार्थी मान हलवली. म्हणाली, हेरिमला माझ्याकडून शुभेच्छा दे. वेगळ्या दे हं, तुझ्याबरोबर जोडून नको.

बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईने मला टिश्यू दिला. मला सर्दी झाली आहे.

१६ मे, शुक्रवार, थोंगयंग

दुपारी पोचलो. तेसिकचा धंदाच कालवांचा, त्याच्या अंगाला त्यांचा वास, उद्यापर्यंत जाईल असं वाटत नाही. मिरान कुठे विचारलं. उद्या सकाळच्या बसने येईल म्हटलं. तोंडातून निघून गेलं. तो बरं म्हणाला आणि बॅग घेऊन पुढे चालू लागला.

काकूंनी हंस धरणाऱ्याचा झगा घालून बघायला दिला. मला आखूड होतो, गुडघ्याच्या जरा खाली येतो, आणि पोटाशी दोन माणसं मावतील. शिंप्याची चूक. काकूंना सांगितलं. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, हो, मापात जरा गडबड झाली खरी.

उद्यासाठी निश्चय: छाती पुढे. पावलं सावकाश. कोणी विचारलं तर बस चुकली.

१७ मे, शनिवार

सकाळी दहाला पाठशाळेचं अंगण भरलं. मांडवात टेबलावर खजूर, शेंगदाणे, लाल निळ्या मेणबत्त्या. हेरिमच्या गालांवर लाल टिकल्या लावल्या होत्या, आणि ती हसू नये म्हणून ओठ चावत होती. तेसिक तिच्याकडे बघत नव्हता आणि बघितल्याशिवाय राहतही नव्हता. मी माझे हंस घेऊन फाटकाशी उभा होतो. आखूड झगा.

काकू आल्या. त्यांनी माझी कॉलर सारखी केली. म्हणाल्या, मिरानची बस आली का रे?

मला बस चुकली म्हणायचं होतं. ठरलं होतं तसं. पण काकूंनी नवीन चपला घातल्या होत्या, पांढऱ्या, आणि त्या घालून त्या एकेक पाऊल जपून टाकत होत्या, लग्न त्यांचंच असल्यासारख्या. मी म्हटलं, काकू, मिरान येणार नाही. ती गेली. ऑक्टोबरमध्येच गेली. सोमवारी कोर्टात सह्या झाल्या. हंस मला नका धरू देऊ.

हे मी मोठ्याने आज पहिल्यांदा बोललो. लिहितोयही आज पहिल्यांदाच.

काकू म्हणाल्या, माहीत आहे रे बाळा. त्या पेटीत चिठ्ठी होती ना. तिने लिहिलं होतं, काकू, ही माझ्याकडची शेवटची पेटी, ब्योंगजुनला जेवायला बोलावत जा. मी म्हटलं, मग मला का विचारलंत? म्हणाल्या, तू सांगशील म्हणून. दर वेळी तुझ्या तोंडाशी आणून ठेवलं, तर तू गिळून टाकलंस. माझा एकुलता एक मुलगा आहे, मी दुसरं काय करणार होते? तेसिक म्हणत होता ब्योंगजुनसमोर बोलू नकोस, त्याला लाज वाटेल.

झगा मामांच्याच मापाचा होता. एप्रिलमध्येच शिवून घेतलेला. काकूंनी त्याची खालची कड उलटून दाखवली. आत चार बोटं कापड जास्तीचं मुडपून ठेवलेलं. म्हणाल्या, तू तिला घेऊन उतरला असतास तर रात्रीत उसवून लांब केला असता. मी ठेवलं होतं हो कापड.

मी झगा काढला. मामांना तो अगदी बेताचा बसला. त्यांच्या हातात काकूंच्या स्वतःच्या लग्नातला हंस होता, चोच झिजलेली. ते पुढे आणि तेसिक मागे. मामांचं पोट हलत होतं, पण हंस जराही हलला नाही. मी मागच्या रांगेत उभा राहून बघितलं. फार चांगलं झालं लग्न. मला रडू आलं, आणि कोणी विचारलं नाही.

जेवताना हेरिमने माझं गाठोडं सोडलं. दोन्ही हंस हातात घेऊन उलटसुलट केले. म्हणाली, यातला नर कोण? मी सांगितलं. म्हणाली, कुकर नाहीच आणलास ना शेवटी. मग नवरीच्या त्या सगळ्या कपड्यांसकट मला एका हाताने जवळ घेतलं. तेसिक म्हणाला, घरात आई ठेवू देणार नाही लेका, कालवांच्या शेडमध्ये ठेवतो. तिथे मी रोज बसतो.

मिरानच्या शुभेच्छा दिल्या. वेगळ्या.

१८ मे, रविवार

बसमध्ये बसल्या बसल्या कुकर मागवला. सहा माणसांचा. गुरुवारी पोचेल.

तीनला घरी आलो. काल शनिवार, मी गावी असणार हे मिरानला माहीत होतं. तिचं टेबल गेलं आहे. बाथरूममधला छोटा आरसा गेला आहे. ड्रॉवरमध्ये माझा चमचा धुऊन सरळ ठेवलेला आहे. तिची किल्ली टीव्हीच्या फळीवर, हंसांच्या शेजारी.

हंस शुक्रवारी निघताना मी ठेवले होते तसेच आहेत. चोचीला चोच. तिने हातसुद्धा लावलेला नाही.

चहा केला आणि समोर खुर्ची घेऊन बसलो. पुलाचं काम रविवारीही चालू आहे. संध्याकाळपर्यंत खालून चौदा ट्रक गेले. हंस हलले नाहीत.